स्पॅनिशमध्ये पैसे बदलून मागताना : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनला सहलीला निघालेले काका-काकू, मेक्सिकोत कंपनीच्या कामासाठी जाणारी मुलं, पेरू बघायचं म्हणून वर्षानुवर्षं पैसे साठवलेली जोडपी अशा सगळ्यांकडून मला साधारण हेच प्रश्न येतात. ते इथं एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भाषा शिकवणारी असले तरी पैशांचे नियमही सोबत घेतले आहेत, कारण खिडकीपाशी उभं राहिल्यावर दोन्ही एकदमच लागतात.

१. मला स्पॅनिश अजिबात येत नाही. खिडकीवर कमीत कमी काय बोलता यायला हवं?

चार वाक्यं. आधी अभिवादन : सकाळी "ब्वेनोस दीआस", दुपारनंतर "ब्वेनास तार्देस". तिकडे अभिवादन न करता थेट कामाचं बोलणं उद्धट वाटतं, त्यामुळे हे गाळू नका. मग "किसिएरा कांबियार दोलारेस", म्हणजे मला डॉलर बदलून हवे होते. आणि मग या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य :

"क्वांतो मे दा एन तोताल पोर सिएन दोलारेस?"

शंभर डॉलरचे मला एकूण किती देता? भाव काय, कमिशन किती, कर किती, असं काहीही वेगळं विचारू नका. हातात किती पडणार तेवढंच विचारा आणि तेही नोट खिडकीतून आत सरकवायच्या आधी. एकदा नोट आत गेली की आपण संकोचानं गप्प बसतो. नागपुरात बर्डीवर भाव करणारी माणसंसुद्धा परक्या भाषेत गप्प बसतात.

चौथं वाक्य "मे लो प्वेदे एस्क्रिबीर?", म्हणजे लिहून देता का? आकडा कानानं पकडता आला नाही तर हेच उपयोगी पडतं. का, ते प्रश्न ७ मध्ये.

२. तुम्ही देवनागरीत उच्चार लिहिता. तसेच्या तसे म्हटले तर तिकडे कळेल का?

कळेल. मराठी माणसाला इथं मोठा फायदा आहे. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखे दातांना जीभ लावून होतात आणि स्वरही आपल्यासारखे स्वच्छ पाच आहेत. इंग्रजी सवयीनं "डोलारेस", "टोटाल" म्हणू नका, "दोलारेस", "तोताल" म्हणा.

मी लॅटिन अमेरिकेतला उच्चार धरला आहे. स्पेनच्या बहुतेक भागात काही शब्दांत स ऐवजी जीभ दातांत धरून काढलेला थ सारखा आवाज येतो : "ग्रासियास" (धन्यवाद) तिथं "ग्राथियास", "सिंको" (पाच) तिथं "थिंको". तुम्ही स म्हणालात तरी काहीच अडत नाही, फक्त ऐकताना ओळखता आलं पाहिजे. ब्वेनोस आयरेसला नोटेला "बियेते" न म्हणता "बिशेते" म्हणतात, तेही कानात असू द्या.

३. पैसे बदलायला बँकेत जाऊ की दुकानात? जागा विचारायची कशी?

"दोंदे प्वेदो कांबियार दिनेरो?" म्हणजे पैसे कुठे बदलता येतील? उत्तरात "कासा दे कांबियो" ऐकू आलं तर ते पैसे बदलण्याचं दुकान. "बांको" म्हणजे बँक. "काहेरो" किंवा "काहेरो आउतोमातिको" म्हणजे एटीएम.

स्पेनमध्ये बऱ्याच बँका खातेदार नसलेल्याला नोटा बदलून देत नाहीत. रांगेत उभं राहण्याआधी दारातच विचारा : "नो सोय क्लिएंते. प्वेदो कांबियार दोलारेस आकी?" (मी खातेदार नाही. इथं डॉलर बदलता येतील का?) शिवाय तिथल्या बँका ग्राहकांसाठी साधारण दुपारी दोनपर्यंतच उघड्या असतात. आपल्याकडे जेवून दुपारी तीनला बँकेत जायची सवय असते, ती तिकडे चालत नाही. माद्रिदमध्ये प्वेर्ता देल सोल आणि ग्रान बीआच्या परिसरात कासा दे कांबियो बरीच आहेत, पण गर्दीच्या पर्यटक भागात भाव सहसा वाईट मिळतो. विमानतळावर पोचल्या पोचल्या सगळे पैसे बदलू नका. टॅक्सी, पाणी, पहिलं जेवण एवढ्यापुरते घ्या.

मेक्सिको सिटीचं विमानतळ याला अपवाद म्हणता येईल. तिथं अनेक काउंटर शेजारी शेजारी आहेत, प्रत्येकाचा बोर्ड बाहेर असतो, त्यामुळे चालत चालत तुलना होते.

४. बोर्डावर "कोम्प्रा" आणि "बेंता" असे दोन रकाने असतात. माझा कोणता?

सर्वाधिक गोंधळ इथंच होतो. कोम्प्रा म्हणजे खरेदी, बेंता म्हणजे विक्री. पण ही खरेदी-विक्री दुकानदाराच्या बाजूनं लिहिलेली असते. तुम्ही डॉलर देणार आणि पेसो घेणार, म्हणजे दुकानदार तुमचे डॉलर विकत घेतोय. तुमचा रकाना कोम्प्रा. परतीच्या वेळी उरलेले पेसो देऊन डॉलर मागाल तेव्हा बेंता.

लॅटिन अमेरिकेत बोर्डावर "एका डॉलरला इतके पेसो" असं लिहितात, म्हणून कोम्प्राचा आकडा लहान आणि बेंताचा मोठा असतो. दोन्हींत जितकं अंतर जास्त, तितकी दुकानदाराची कमाई जास्त. नुसतं ते अंतर पाहूनही दुकान महाग की स्वस्त याचा अंदाज येतो.

स्पेनमध्ये एक वेगळी अडचण येते. काही बोर्डांवर उलट लिहिलेलं असतं : एका युरोसाठी किती डॉलर. तिथं आकडा जितका मोठा तितकं तुमचं नुकसान. बोर्ड कुठल्या बाजूनं लिहिलाय हे उभ्याउभ्या ठरवत बसण्यापेक्षा प्रश्न १ मधलं "एन तोताल" वालं वाक्य बोला. बोर्ड कसाही असो, उत्तर एकच येतं.

५. "सिन कोमिसियोन" अशी पाटी असेल तर तिथंच बदलावेत ना?

नाही, पाटी पाहून ठरवू नका. सिन कोमिसियोन म्हणजे कमिशन नाही, आणि ते खरंही असतं. कमाई भावातच धरलेली असते. समजा त्या दिवशी बाजारभावानं शंभर डॉलरचे ९० युरो होतात. एक दुकान कमिशन न घेता ८० देतं. शेजारचं ८७ चा भाव लावतं आणि ३ युरो कमिशन कापतं, म्हणजे हातात ८४. पाटी पहिल्या दुकानावर आहे, फायदा दुसऱ्या दुकानात आहे.

विचारायचंच असेल तर "कोब्रान कोमिसियोन?" (कमिशन घेता का?) विचारा, पण निर्णय हातात पडणाऱ्या रकमेवरच घ्या. निघण्याआधी मोबाइलवर त्या दिवशीचा बाजारभाव पाहून ठेवा. तो कोणत्याच खिडकीवर मिळणार नाही, पण किती लांब आहोत ते कळतं.

६. मी वाक्य पाठ केलं, पण समोरच्यानं उलट काही विचारलं तर?

विचारणारच. बहुधा यांपैकी काही :

"के मोनेदा त्राए?" कोणतं चलन आणलंय? उत्तर "दोलारेस" किंवा "एउरोस". डॉलर कॅनडाचे नसून अमेरिकेचे आहेत हे सांगायचं तर "दोलारेस आमेरिकानोस".

"क्वांतो किएरे कांबियार?" किती बदलायचेत? "सिएन" शंभर, "दोसिएंतोस" दोनशे, "त्रेसिएंतोस" तीनशे.

"मे पेर्मीते सु पासापोर्ते?" पासपोर्ट देता का? मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही. कोलंबियात पासपोर्टबरोबर बोटाचा ठसाही घेतात आणि पत्ता विचारतात. हॉटेलचं नाव आणि पत्ता लिहिलेला कागद पुढे करा.

"कोमो किएरे लोस बियेतेस?" नोटा कशा हव्यात? इथं लहान नोटा मागून घ्या : "बियेतेस चीकोस, पोर फाबोर" (लहान नोटा, कृपया). स्पेनमध्ये चीकोस ऐवजी "पेकेन्योस". मोठी नोट टॅक्सीवाल्याला दिली की पुढची कटकट प्रश्न ९ मध्ये आहे.

"फिर्मे आकी" इथं सही करा. सहीआधी कागदावरची रक्कम वाचा.

आणि लॅटिन अमेरिकेत कधीही ऐकू येईल असं एक वाक्य : "नो आय सिस्तेमा". सिस्टीम बंद आहे. वाद घालून उपयोग नाही, पुढच्या दुकानात जा.

७. आकडे ऐकून कळत नाहीत. कोणते सर्वांत जास्त फसवतात?

"सेसेंता" आणि "सेतेंता". पहिला साठ, दुसरा सत्तर, फरक एका व्यंजनाचा. माझ्या वर्गात चांगली तयारी असलेली मुलंही इथं अडतात. त्याच घरातले "सेइससिएंतोस" सहाशे आणि "सेतेसिएंतोस" सातशे. पाचशे नियमाप्रमाणे न होता "किनिएंतोस" होतात, तो शब्द वेगळाच पाठ करा. नऊशे "नोबेसिएंतोस". दोन "दोस" आणि बारा "दोसे", तीन "त्रेस" आणि तेरा "त्रेसे", हेही घाईत सारखे वाटतात.

शंभर एकटा असेल तर "सिएन", पुढे आकडा लागला की "सिएंतो" : दीडशे म्हणजे "सिएंतो सिंक्वेंता".

लाख आणि कोटी तिकडे नाहीत. एक लाख म्हणजे "सिएन मिल", शंभर हजार. दहा लाख "उन मियोन", एक कोटी "दिएस मियोनेस". हे नुसतं माहिती म्हणून सांगत नाही. शंभर डॉलरचे कोलंबियात काही लाख पेसो होतात, पॅराग्वेत गुआरानीही लाखांतच मोजावे लागतात. तिथं पहिल्याच दिवशी "क्वात्रोसिएंतोस मिल" (चार लाख) असे आकडे कानावर पडतात आणि मन मराठीत त्याचं रूपांतर करेपर्यंत समोरचा नोटा मोजून मोकळा झालेला असतो.

शिवाय बोलताना "मिल" गाळतातही. बोगोटात "बेइंते" म्हटलं तर वीस हजार असू शकतात. चिले आणि अर्जेंटिनात हजाराला "लुका" म्हणतात, "दिएस लुकास" म्हणजे दहा हजार.

यावर उपाय एकच, लिहून घेणं. फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडून पुढे करा आणि "एस्क्रीबालो आकी, पोर फाबोर" (इथं लिहा) म्हणा. यात कमीपणा काहीच नाही. तिथले लोकही एकमेकांना आकडा दाखवूनच व्यवहार करतात.

८. पावतीवर १.२५०,५० असं काहीतरी लिहिलंय. सव्वा की साडेबाराशे?

साडेबाराशे आणि वर अर्धा. स्पेनमध्ये आणि दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच देशांत बिंदू हजार दाखवतो आणि स्वल्पविराम दशांश. मेक्सिको, मध्य अमेरिकेतले बहुतेक देश आणि पेरू इथं आपल्यासारखंच : १,२५०.५०. म्हणजे माद्रिदहून थेट मेक्सिकोला गेलात तर दोन्ही चिन्हांचा अर्थ उलटा होतो.

दुसरी गोष्ट, डॉलरचं जे चिन्ह आपण ओळखतो तेच मेक्सिको, अर्जेंटिना, चिले, कोलंबियात पेसोसाठी वापरतात. हॉटेलच्या बोर्डावर त्या चिन्हापुढे मोठा आकडा दिसला की आधी विचारा : "एन पेसोस ओ एन दोलारेस?"

९. "कांबियो" मागितलं तर परकीय चलन बदलून देतात, की सुटे पैसे देतात? की उरलेले परत देतात?

तिन्ही अर्थ होतात, म्हणून पूर्ण वाक्य बोला.

परकीय चलनासाठी कोणतं चलन ते सांगा : "किसिएरा कांबियार दोलारेस".

मोठी नोट मोडायची तर : "मे कांबिया एस्ते बियेते?" सोबत नोट दाखवा. सुट्या पैशांना स्पेनमध्ये "स्वेल्तो", पेरू आणि कोलंबियात "सेन्सीयो", मेक्सिकोत बोलीत "फेरिया" म्हणतात.

दुकानदारानं परत द्यायचे पैसे मेक्सिकोत "कांबियो", इतर बऱ्याच लॅटिन देशांत "ब्वेल्तो", स्पेनमध्ये "ब्वेल्ता". मेक्सिकोत टॅक्सीत बसायच्या आधीच "तिएने कांबियो दे किनिएंतोस?" विचारून घ्या, म्हणजे पाचशेचे सुटे आहेत का? उतरताना विचारलंत तर वाद होतो.

"मोनेदा" या शब्दाचेही नाणं आणि चलन असे दोन अर्थ आहेत. बोर्डावरचं "दिबीसास" म्हणजे परकीय चलन. दक्षिण अमेरिकेत पैशाला सर्रास "प्लाता" म्हणतात.

१०. नागपूरहून काय नेऊ : रुपये, डॉलर, युरो की तिथलेच पेसो?

रुपये नको. स्पेन किंवा लॅटिन अमेरिकेत रुपयाची नोट बदलून मिळेल या भरवशावर निघू नका. मिळालीच तर भाव फार वाईट असेल. परतीच्या टॅक्सीपुरते रुपये जवळ ठेवा, बस. भारतीय रहिवाशाला २५,००० रुपयांपर्यंत बाहेर नेता येतात, पण नेता येतात म्हणून न्यावेत असं नाही.

स्पेनला जाताय तर इथूनच युरो घ्या. डॉलर घेऊन तिथं युरो करणं म्हणजे दोनदा कापून घेणं. लॅटिन अमेरिकेला जाताय तर अमेरिकी डॉलर. सदर, रामदासपेठ, धरमपेठ भागातल्या मनी चेंजरकडे डॉलर आणि युरो मिळतात. मेक्सिकन किंवा कोलंबियन पेसो शोधण्यात इथं दिवस घालवू नका.

युरो घेताना ५००ची नोट घेऊ नका. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या देशांनी ती नव्यानं काढणं २०१९ मध्ये थांबवलं. नोट अजून वैध आहे, पण दुकानदार नाकारतात. पन्नास आणि वीसच्या नोटा मागा.

११. किती रोख नेता येते? नागपुरात घेताना काय लागतं?

परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३,००० अमेरिकी डॉलर किंवा तितक्या किमतीपर्यंत. त्यापुढची रक्कम फॉरेक्स कार्डवर (आधीच परकीय चलन भरलेलं कार्ड) किंवा बँकेमार्फत. एका आर्थिक वर्षात सगळं मिळून २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट जवळ ठेवा. रुपये रोखीनं द्यायचे तर ५०,००० पर्यंतच, त्यावरची रक्कम खात्यातून. जीएसटी व्यवहाराच्या सेवाभागावर लागतो, म्हणून नागपुरातसुद्धा तोच प्रश्न मराठीत विचारा : "सगळं धरून एक हजार डॉलरचे किती रुपये द्यायचे?"

दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख घेऊन युरोपीय संघात शिरताना किंवा तिथून निघताना कस्टमला सांगणं बंधनकारक आहे. कुटुंबानं मिळून जास्त रक्कम नेत असाल तर कुणाकडे किती आहे ते आधीच स्पष्ट असू द्या.

१२. नोटेला बारीक चीर आहे, किंवा बँकेचा शिक्का आहे. चालेल?

पेरूमध्ये बहुधा नाही. तिथं डॉलरची नोट उजेडात धरून कडा तपासतात आणि जराशी फाटलेली, लिहिलेली, शिक्का मारलेली नोट परत करतात. अर्जेंटिनात आणखी एक गोष्ट : १९९६ च्या आधीच्या, लहान चेहऱ्याच्या शंभर डॉलरच्या नोटेला रस्त्यावर "कारा चीका" म्हणून कमी भाव देतात. मोठ्या चेहऱ्याची "कारा ग्रांदे". निळी पट्टी असलेली, २०१३ पासूनची नोट असेल तर प्रश्नच येत नाही.

म्हणून नागपुरात नोटा घेताना त्या काउंटरवरच एकेक पाहा आणि खराब असतील त्या तिथंच बदलून मागा. मनी चेंजर कंटाळला तरी चालेल. आणि तिकडे तुम्हालाच कुणी खराब नोट दिली तर : "एस्ते बियेते एस्ता रोतो. मे दा ओत्रो, पोर फाबोर?" ही नोट फाटली आहे, दुसरी देता का?

१३. घासाघीस करता येते का?

बँकेत नाही. लॅटिन अमेरिकेतल्या खासगी कासा दे कांबियोत, रक्कम जरा मोठी असेल तर हो. "मे प्वेदे मेहोरार एल तीपो दे कांबियो?" म्हणजे भाव थोडा बरा करता का? कोलंबियात "तीपो" ऐवजी "तासा दे कांबियो", अर्जेंटिनात "कोतिसासियोन". एकदाच, हसून विचारा. नाही म्हणाला आणि पटलं नाही तर "मेहोर नो, ग्रासियास" म्हणून निघा. निघून जाणं हा तुमचा हक्क आहे आणि खिडकीपलीकडचा माणूस रोज ते पाहतो.

१४. मोजल्यावर पैसे कमी निघाले तर काय म्हणू?

खिडकी सोडायची नाही, मागच्या रांगेची लाज धरायची नाही. आधी सांगा : "उन मोमेंतो, बॉय आ कोंतार्लो" (एक मिनिट, मोजून घेते किंवा घेतो). त्याच्या समोरच, कॅमेरा असेल तर कॅमेऱ्याखाली मोजा. कमी असतील तर : "क्रेओ के फाल्तान बेइंते". मला वाटतं वीस कमी आहेत. "क्रेओ के" लावलं की आरोप वाटत नाही आणि समोरचा पुन्हा मोजतो. मग "मे दा एल रेसीबो?", पावती. पावती परतीच्या दिवशीही कामी येते.

१५. एटीएमच विचारतं : रुपयांत की युरोत? काय दाबू?

युरोत, पेसोत, म्हणजे त्या देशाच्या चलनात. नेहमीच. रुपये निवडलेत की भाव तिथल्या यंत्राचा मालक लावतो आणि तो तुमच्या बँकेच्या भावापेक्षा सहसा वाईट असतो. पडद्यावर "कोन कोनबेर्सियोन" (रुपयांत रूपांतर करून) आणि "सिन कोनबेर्सियोन" (रूपांतर न करता) दिसेल, किंवा "आसेप्तार" (स्वीकार) आणि "रेचासार" (नकार). "सिन" किंवा "रेचासार" दाबा. नकार दिला म्हणून व्यवहार रद्द होत नाही, नोटा मिळतात. दुकानात कार्ड देताना "एन एउरोस ओ एन रुपियास?" विचारलं तर "एन एउरोस, पोर फाबोर".

पैसे काढणे हा पर्याय देशागणिक वेगळ्या शब्दात दिसतो : स्पेनमध्ये "साकार दिनेरो", मेक्सिकोत "रेतीरो", अर्जेंटिनात "एक्स्त्राक्सियोन", चिलेत "हीरो". यंत्राचं शुल्क पडद्यावर आलं आणि जास्त वाटलं तर "कान्सेलार" दाबून दुसऱ्या बँकेचं यंत्र पाहा.

१६. रस्त्यावर माणसं "कांबियो, कांबियो" ओरडत असतात. त्यांच्याकडे जाऊ का?

देशावर अवलंबून आहे.

ब्वेनोस आयरेसच्या फ्लोरिदा रस्त्यावर ओरडणाऱ्यांना "आर्बोलितो" म्हणतात. ते तुम्हाला "क्वेबा" नावाच्या आडोशाच्या खोलीत नेतात. हा बेकायदा बाजार आहे. सरकारी भाव आणि तिथला भाव यांत दुपटीच्या आसपास फरक असायचा, तेव्हा पर्यटक सर्रास जायचे. एप्रिल २०२५ मध्ये सामान्य माणसांवरचे डॉलर खरेदीचे निर्बंध बहुतांशी उठले आणि फरक फार कमी झाला. जुने प्रवासवर्णन वाचून तिकडे जाऊ नका. थोड्या पैशासाठी खोट्या नोटांचा धोका घेण्यात अर्थ नाही.

लिमामध्ये चित्र वेगळं आहे. तिथं नगरपालिकेच्या परवान्याचा रंगीत जॅकेट घातलेले "कांबिस्ता" उघडपणे काम करतात. जुन्या शहरातला हिरोन ओकोन्या हा रस्ता त्यासाठीच ओळखला जातो. तरीही एकटं, रात्री किंवा मोठी रक्कम घेऊन जाऊ नका. मला विचाराल तर आई-वडिलांना मी दुकानातच पाठवेन.

बाकी कुठेही "नो, ग्रासियास" म्हणा आणि न थांबता चालत राहा.

१७. इक्वेडोर आणि पनामाला चाललोय. तिथं काय बदलायचं?

काहीच नाही. इक्वेडोरनं २००० मध्ये अमेरिकी डॉलरच आपलं चलन केलं, एल साल्वादोरनं २००१ मध्ये. पनामाचा बाल्बोआ डॉलरच्या बरोबरीचा आहे आणि त्याची फक्त नाणी आहेत, नोटा अमेरिकेच्याच चालतात. फक्त पन्नास-शंभरच्या नोटा लहान दुकानात घेत नाहीत, म्हणून नागपुरातूनच पाच, दहा, वीसच्या नोटा मागा. इक्वेडोरची सेंटाव्हो नाणी तिथंच संपवा, बाहेर ती चालत नाहीत.

१८. मेक्सिकोच्या बँकेनं "महिन्याची मर्यादा झाली" म्हणून परत पाठवलं. असा नियम खरंच आहे?

आहे. काळ्या पैशाला आळा घालायला २०१० पासून तिथल्या बँकांत परदेशी पाहुण्याला महिन्याला १,५०० डॉलरपर्यंतच रोख बदलता येते. पासपोर्ट नोंदवून घेतात तो त्यासाठीच. जास्त लागणार असेल तर कार्ड वापरा.

१९. मामांकडे जुने स्पॅनिश पेसेता (युरोच्या आधीचं स्पेनचं चलन) आहेत. स्पेनला नेऊन बदलू का?

आता बदलत नाहीत. बांको दे एस्पान्यानं, म्हणजे स्पेनच्या मध्यवर्ती बँकेनं, ३० जून २०२१ ला ती सोय कायमची बंद केली. ठेवा जपून.

२०. परत आल्यावर उरलेलं चलन नागपुरात देता येतं का?

डॉलर आणि युरोच्या नोटा हो. पेसो, पेरूचे सोल, ग्वाटेमालाचे केत्साल तिथल्याच विमानतळावर मोडा : "किसिएरा कांबियार पेसोस आ दोलारेस", इथं प्रश्न ४ मधला बेंताचा रकाना. नाणी भारतात कुणी घेत नाही, ती तिथंच खर्च करा. नियमानं परतल्यापासून १८० दिवसांत उरलेल्या नोटा परत करायच्या असतात. पुढच्या प्रवासासाठी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेत चकरा मारू नका, हे काम बँका आणि परवानाधारक मनी चेंजर करतात. परत येताना नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर विमानतळावर कस्टमला जाहीर कराव्या लागतात.

२१. मी ताडोब्याला गाईड आहे. स्पॅनिश पाहुणे मलाच म्हणतात, युरो घे आणि रुपये दे. घेऊ का?

नका घेऊ, भाऊ. भारतात परकीय चलन विकत घ्यायचं तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. पाहुण्यानं प्रेमानं टीप म्हणून नोट दिली ती गोष्ट वेगळी, तुम्ही ती मनी चेंजरकडे नेऊन रुपये करून घेऊ शकता. पण भाव लावून नोटा बदलणं नियमात बसत नाही.

त्यांना तसंच सरळ सांगा : "लो सिएंतो, आकी नो पोदेमोस कांबियार दिनेरो. आय उना कासा दे कांबियो आउतोरिसादा एन नागपूर." माफ करा, आम्हाला इथं पैसे बदलता येत नाहीत. नागपुरात परवानाधारक दुकान आहे. आणि जोडीला एवढं सांगा : "पीदा एल रेसीबो, पोर फाबोर", पावती मागून घ्या. रुपये उरले तर जाताना विमानतळावर परत युरो करायला त्यांना तीच पावती दाखवावी लागते. शक्यतो नागपुरात उतरल्यावर, जंगलाकडे निघायच्या आधीच हे काम उरकायला सांगा. मोहर्ली किंवा खुटवंड्याच्या गेटपाशी युरो बदलून देणारं दुकान नाही.